तीन नंबरच्या टाकीतली माल्बेक

मी आर्जेंटिनाला गेले ती भांडायला. डोंगर, द्राक्षमळे, वाइन हे सगळं नंतर समोर आलं. परत आल्यापासून वसईत, माणिकपूरच्या बाजारात, लग्नाकार्यात जो तो विचारतो, "सुलभाताई, एवढ्या लांब गेलात, काय पाहिलंत?" प्रत्येकाला थोडं थोडं सांगून मी दमले. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आमचा सातिवलीला गाळा आहे. मोठा भाऊ मोहनदादा आणि मी मिळून चालवतो. दूध, फळांचा रस वगैरे साठवायच्या स्टीलच्या टाक्यांना दारं असतात, त्या दारांच्या कडेला बसणाऱ्या सिलिकॉन रबराच्या रिंगा आम्ही बनवतो. कुकरच्या झाकणाची रिंग डोळ्यांसमोर आणा. आमची तिच्या दुप्पट-तिप्पट मोठी, एवढंच. साच्यातून काढलेली रिंग चार तास ओव्हनमध्ये भाजावी लागते, म्हणजे रबरातला उरलासुरला वास उडून जातो. बाहेरचे व्यवहार दादाकडे आणि माल तपासून पास करणं माझ्याकडे.

एका व्यापाऱ्यामार्फत आमच्या पाच रिंगा आर्जेंटिनात, साल्ता प्रांतातल्या डोंगरातल्या एका छोट्या वाइन कारखान्यात गेल्या होत्या. वर्षभराने तिथून पत्र आलं. पाच टाक्यांपैकी तीन नंबरच्या टाकीतल्या वाइनला भलताच वास येतोय आणि तो तुमच्या रिंगेमुळे आहे.

दादा भडकला. "वाइन बिघडवली त्यांनी, खापर आपल्या डोक्यावर! चार रिंगा चांगल्या आणि एकच वाईट, असं कसं होईल? आजच उत्तर देतो."

"काय उत्तर देणार?"

"आमच्या मालात दोष नाही."

"ते तुला कसं माहीत? तू वास घेतलास?"

आम्ही वाइनचा नमुना मागवला. बाटली कुठल्यातरी विमानतळावर अडकली आणि तिथेच राहिली. तिकडून दुसरं पत्र आलं, पहिल्यापेक्षा कडक. तेव्हा मी म्हटलं, "दादा, मी जाते."

"आपल्या घरात आजवर कुणी बाटलीला हात लावला नाही," दादा म्हणाला, "आणि तू तिकडे जाऊन ग्लास हुंगणार? तुला त्यातलं कळतं काय?"

"आज नाही कळत. जाईपर्यंत कळेल."

दीड महिना हातात होता. आमच्या शेजारच्या वाडीतले आगुस्तीनकाका नाताळसाठी घरी वाइन करतात, मनुकांची आणि जांभळांची. मी रोज कामावरून येताना त्यांच्या ओटीवर जाऊन बसायला लागले. काकांनी माझ्या हातात पेला दिला आणि पहिल्याच घोटाला मी ठसकले.

"गिळू नको गो बाय," ते म्हणाले. "आधी नुसती हुंग. मग घोट घे, तोंडात फिरव, सगळीकडे लागू दे. मग थुंक. घाई करशील तर दारूच लागेल, दुसरं काही लागणार नाही."

आमची मूळची पानवेलींची आणि फुलांची वाडी. लहानपणी मी डोळे मिटून मोगरा आणि मदनबाण वेगळे सांगायची. त्यामुळे नाक होतं, त्याला वळण मात्र नव्हतं. निघायच्या दिवशीही मला जांभळाची आणि मनुकांची वाइन, एवढाच फरक सांगता यायचा. तरी निघाले. बॅगेत व्यवस्थित भाजलेल्या सहा नव्या रिंगा, अवजारं आणि वसईची सुकेळी घेतली.

साल्ता

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं एकच. ब्वेनोस आयरेसला तपासणीच्या बाईंनी माझी सुकेळी उघडली, एक उचलून हुंगली, छान हसल्या आणि अख्खं पुडकं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. त्या देशात बाहेरचं फळ नेता येत नाही, सुकवलेलंही नाही. आईने स्वतः सोलून वाळवलेली राजेळी केळी होती ती. मी डब्याकडे बघत उभीच राहिले.

साल्ता शहरात मला घ्यायला मार्ता आल्या होत्या. ज्या डोंगरगावात तो वाइन कारखाना आहे, तिथल्या शाळेत त्या इंग्रजी शिकवतात. पुढचे सहा दिवस त्याच माझी जीभ होत्या. बाजारात त्यांनी जेवायला नेलं. मी गोमांस खात नाही हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. एकदा कळल्यावर मात्र त्यांनी काळजी घेतली. करंजीसारखी दिसणारी एम्पानादा चीजची मागवली आणि दुसरं आलं ते मक्याच्या पानात बांधलेलं पुडकं. सोडलं तर आत ओल्या मक्याचं वाफवलेलं मऊ सारण. केळीच्या पानातली आमची पानगी आणि हे, दोघी सख्ख्या बहिणी. "आमच्याकडे असंच करतात, पान फक्त केळीचं," म्हटल्यावर मार्तांनी हॉटेलवालीला बोलावून ते ऐकवलं. ती बाई आणखी एक पुडकं फुकट ठेवून गेली.

दुसऱ्या सकाळी गाडीने घाट चढायला लागलो. अकरा हजार फुटांवरची खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं होतं. वळणावळणाने हिरवळ संपली आणि माणसाएवढे, हात वर केल्यासारखे निवडुंग सुरू झाले. माझ्या कपाळात ठोके पडायला लागले. वडापावाएवढी भूक होती तीही गेली. मार्तांनी पिशवीतून कोकाची वाळलेली पानं काढली. "गालात धरा. चावू नका."

गालात पान धरणं मला शिकवायला नको होतं. चव मात्र नागवेलीची नव्हे, गवती चहा आणि वाळलेलं गवत यांच्या मधली. अर्ध्या तासात डोकं हलकं झालं. खिंडीत गाडीतून उतरून मी पलीकडे पाहिलं. तांबडे डोंगर, मध्ये एक बारीक हिरवी रेघ, आणि वर इतकं निळं आभाळ की डोळे मिटावेसे वाटले.

"त्या हिरव्या रेघेत जायचंय," मार्ता म्हणाल्या.

एल्साचा मळा

गाव साडेसात हजार फुटांवर. आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांवर आहे, यावरून अंदाज घ्या. मातीच्या विटांची घरं, उंच सडसडीत झाडांची रांग आणि बर्फाच्या पाण्याचे पाट.

कारखान्याची मालकीण एल्सा दारात उभी होती. साठीची, ठेंगणी, डोक्यावर पुरुषी टोपी. नखांच्या कडा कायमच्या जांभळ्या झालेल्या. तिने हात मिळवला आणि बसा म्हणायच्या आत मला टाक्यांकडे नेलं. एक नंबरच्या टाकीचा छोटा नळ उघडून तिने ग्लासात वाइन ओतली. रंग इतका गडद की पलीकडची बोटं दिसेनात.

"ही माल्बेक द्राक्षाची. काय लागतं?"

मी काकांनी सांगितल्याप्रमाणे हुंगलं, घोट फिरवला, थुंकले. कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड आवळून आलं. बाकी काही नाही.

"तुरट," मी म्हटलं.

एल्सा मार्तांकडे बघून काहीतरी बोलली. मार्ता अवघडल्या. "त्या म्हणतात, हिला एवढंच कळतं, तर ही निकाल कसा देणार?"

प्रश्न बरोबर होता. मला राग आला, पण स्वतःचा. म्हटलं, "त्यांना सांगा, माझ्याकडे पाच दिवस आहेत. तीन नंबरची टाकी मी आज उघडणार नाही. आधी मला चांगली वाइन कशी असते ते शिकवा. त्यानंतर वाईट ओळखेन."

एल्साने आत जाऊन स्वतःची दुसरी टोपी आणली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. इथलं ऊन कातडी सोलतं, म्हणाली.

तिसरा आणि चौथा दिवस

सकाळी अंगणातल्या बादलीत बर्फाचा पापुद्रा होता आणि दुपारी त्याच अंगणात उभं राहवत नव्हतं. वसईत दमट हवेत कपडे वाळत नाहीत. इथे ओला रुमाल पाच मिनिटांत कडक. एल्साने मला सगळ्यात वरच्या मळ्यात नेलं. तिने आणि तिच्या नवऱ्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो लावलेला. नवरा आता नाही. सप्टेंबर म्हणजे तिकडे वसंताची सुरुवात. काळ्या, सुरकुतलेल्या वेलींना नुकते कापसासारखे डोळे फुटले होते.

तिने सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. एवढ्या उंचीवर ऊन कडक, म्हणून द्राक्ष स्वतःला वाचवायला साल जाड करतं. सगळा रंग आणि तुरटपणा त्या सालीत. रात्री गारठा पडतो, म्हणून फळाचा आंबटपणा उन्हात जळून जात नाही, गोडीबरोबर टिकून राहतो. खाली सपाटीवर तीच वेल लावली तर वाइन गोडसर आणि ढिली होते. माल्बेक मूळची फ्रान्सची, पण तिला घर सापडलं ते या डोंगरात, असं एल्सा म्हणाली.

मग शिकवणी. तिने टेबलावर वाट्या मांडल्या. आलूबुखाराचा मुरांबा, काळी मिरी, जुन्या खोगिराचा तुकडा, काळ्या बोरांसारखं कसलंसं फळ. एक वाटी हुंगायची, मग ग्लास हुंगायचा. तिची नावं माझ्या उपयोगाची नव्हती, म्हणून मी माझी ठेवली. पिकून फुटलेलं जांभूळ. करवंद. कोल्हापुरी चपलेचं नवं कातडं. मिरी मिरीच राहिली. दुपारी कधीतरी ग्लासातून जांभूळ एकदम वर आलं, इतकं स्पष्ट की मी "जांभूळ!" असं मराठीतच ओरडले. एल्सा पहिल्यांदा हसली.

एक वास मात्र सापडेना. माल्बेकला एका फुलाचा वास असतो, म्हणाली, आणि अंगणातल्या कुंडीतून नखाएवढं जांभळं फूल घेऊन आली. व्हायोलेट. मी हुंगलं, गोड, थंड वास आला. पुन्हा हुंगलं, काहीच नाही.

"गेला!" मी म्हटलं.

"जातोच," मार्तांनी तिचं बोलणं सांगितलं. "या फुलाचा वास नाकाला थकवतो. थोडं थांबा, परत येईल."

खरंच परत आला. मग ग्लासातही सापडला. यायचा, लपायचा, पुन्हा यायचा. मोगरा कसा एकदा आला की ओंजळभर राहतो. हे फूल लाजरं. दोन दिवसांत मी शंभरेक घोट थुंकले असतील. जीभ खरखरीत झाली, ओठ जांभळे झाले, नाकाची साल निघाली. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी एक आणि पाच नंबरच्या टाक्यांमधला फरक मी न चुकता तीनदा सांगितला. एल्सा म्हणाली, "उद्या."

पाच ग्लास

सकाळी टेबलावर पाच ग्लास होते. कुठल्या टाकीचा कुठला, ते फक्त एल्साला माहीत. मार्तांनाही तिने बाहेर उभं केलं होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळू नये म्हणून. सगळे हुंगून झाल्यावर त्यांना आत बोलावलं.

पहिला ग्लास चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्यात मिरी जास्त. चौथा उचलला. जांभूळ होतं, करवंद होतं, फूलही होतं. मी ग्लास खाली ठेवला, दम घेतला, पुन्हा हुंगलं. फूल तिथेच होतं. तिसऱ्यांदा हुंगलं, तरी तिथेच. हे फूल लपत नव्हतं.

गोड, जड, बदामाच्या कडेने जाणारा वास. घोट घेतला तर तो टाळूला चिकटून राहिला आणि जांभळाची चव त्याच्याखाली दबली. मला हा वास माहीत होता. सातिवलीच्या गाळ्यात, ओव्हनचं दार अर्ध्यातच उघडलं तर अंगावर येतो तो हाच. आई म्हणायची, तुझ्या केसांना आजारी चाफ्याचा वास येतो.

आणि मग तो दिवसही आठवला. तुम्हाला सांगते, आठवायला काही कष्ट पडले नाहीत. भाजायला ठेवून दोनच तास झाले होते आणि वीज गेली होती. माल बंदरावर त्याच दिवशी पोचायला हवा होता. आमचा प्रेसवरचा कामगार गणू म्हणाला होता, "ताई, लाइट आल्यावर परत घालू या. अजून दोन तास पायजेत. नायतर पानी लागलं की वास सोडनार." मी रिंग नाकाशी नेली होती. किंचित वास होता. मी म्हटलं होतं, "चालेल."

पाच रिंगांतली ती शेवटची. बाकीच्या चार आधीच्या भट्टीतल्या.

पाचवा ग्लासही हुंगला, तो चांगला होता. टेबलापलीकडे एल्सा वाट बघत होती. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. या गावात कुणालाही तो वास कशाचा हे सिद्ध करता येणार नव्हतं. 'ग्लास वेगळा आहे खरा, पण कारण रिंग नाही,' एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. दादाने तेच सांगून पाठवलं होतं. पण दोन दिवस या बाईने मला जांभूळ आणि व्हायोलेट शोधायला लावलं होतं, ते खोटं बोलता यावं म्हणून नव्हे.

"चौथा," मी म्हटलं. "ही तीन नंबरची टाकी. आणि वास आमच्या रिंगेचाच आहे. ती नीट भाजलेली नव्हती. मला माहीत होतं. मीच पास केली."

मार्तांनी माझ्याकडे पाहिलं. "हे सगळं सांगू?"

"सगळं."

त्यांनी सांगितलं. एल्सा उठली. एकच वाक्य बोलली आणि बाहेर निघून गेली. मी विचारलं तेव्हा मार्ता म्हणाल्या, "ती म्हणाली, त्या टाकीत वरच्या मळ्याची द्राक्षं होती."

मी दिवसभर ओसरीत बसून राहिले. जेवण कुणीतरी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

शेवटचा दिवस

सकाळी दारावर थाप पडली. एल्सा रबरी बूट घेऊन उभी होती. "टाकी रिकामी करायची आहे. चल."

ती वाइन बाटलीत जाणार नव्हती. खालच्या गावात मद्यार्क काढायला जाणार होती. पाइप लावला आणि दोन हजार लिटर आमच्या डोळ्यांदेखत वाहत गेली. मी टाकीत उतरून आतून घासली. हात कोपरापर्यंत जांभळे झाले. जुनी रिंग दारातून उपसून काढली तेव्हा एल्साने ती हातात घेऊन हुंगली आणि मान हलवली.

नव्या रिंगा बसवण्याआधी मी तिच्याकडे गरम पाणी आणि झाकणाची भांडी मागितली. एकेक रिंग पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली, मग झाकण काढून आधी मी हुंगायची, मग ती. पाच पाण्यांना वास नव्हता. सहाव्याला मला शंका आली. एल्साने दोनदा हुंगलं. "काही नाही," ती म्हणाली.

"मला शंका आहे," मी म्हटलं आणि चाकू घेऊन रिंगेचे दोन तुकडे केले. बाकीच्या चार टाक्यांच्याही रिंगा बदलायच्या ठरवल्या होत्या, तरी पाच दारांना पाच पुरत होत्याच.

दुपारी शेवटचा बोल्ट आवळला. मी हात धुऊन सामान बांधायला निघाले, तर एल्साने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे एक धुळकट बाटली आणि तीन ग्लास होते. वरच्या मळ्याची, सहा वर्षांपूर्वीची.

मी हुंगलं. घाई केली नाही. आधी पिकलेलं जांभूळ आलं, मग मिरी, मग ऊन लागलेल्या दगडावर पाणी पडतं तसा काहीतरी वास. फूल आलं, गेलं. घोट घेतला. पहिल्या दिवशी ज्याने तोंड आवळलं होतं तो तुरटपणा इथे मऊ झाला होता, मखमलीवर उलटा हात फिरवावा तसा. त्याच्या मागे आंबटपणाची एक बारीक धार, सगळ्याला उभं धरणारी. या वेळी मी थुंकले नाही. गिळल्यावरही चव कितीतरी वेळ जिभेवर चालत राहिली. आयुष्यात इतकं लक्षपूर्वक मी काही प्यायले नव्हते, पाणीसुद्धा.

"सांग," एल्सा म्हणाली.

मी सांगितलं. जांभूळ, मिरी, दगड, फूल, धार. मार्ता भाषांतर करत होत्या आणि एल्सा मान हलवत होती. मग तिने ग्लास उजेडात धरला आणि शांतपणे बोलली. मार्तांचा आवाज खाली आला.

"ती म्हणते, तीन नंबरची अशीच होणार होती."

मी मान खाली घातली. एल्साने माझ्या ग्लासात उरलेली वाइन ओतली आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

परत

सातिवलीला आल्यावर दादाला सगळं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "झालं ते झालं. आता संपलं."

"संपलं नाही," मी म्हटलं. "त्या दिवशी त्या भट्टीत आणखी रिंगा होत्या. दोन दूधवाल्यांकडे आणि एका सरबतवाल्याकडे गेल्यात."

"त्यांनी तक्रार केली?"

"नाही."

"मग?"

"त्यांना कळलं नसेल. मला कळलंय."

मी त्याच्यासमोर बसून तीन पत्रं लिहिली. वीज गेल्यामुळे आमच्याकडून नीट न भाजलेला माल गेला, तो परत करावा, आम्ही नव्या रिंगा स्वतः येऊन बसवून देऊ. लिहून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, वाच आणि हवं तर भांड.

त्याने तिन्ही वाचली. मग पेन उघडलं आणि पहिल्या पत्रातल्या 'वीज गेल्यामुळे' या दोन शब्दांवर रेघ मारली. दुसऱ्यातल्या, तिसऱ्यातल्याही.

"वीज गेली हे खरं," तो म्हणाला. "पण माल आपण पाठवला. नीट उतरवून काढ."